८९ च्या स्पीडची गाडी, घरातलं गॅरेज आणि ४७ वर्षं : जगातली सगळ्यात वेगवान ‘इंडियन’ बनवणाऱ्या बर्ट मन्रोची गोष्ट

‘वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, हा कुणीतरी आपल्याकडचा धावपटू असणार. २००५ साली या नावाचा सिनेमा आला. त्यात अँथनी हॉपकिन्स एका म्हाताऱ्याच्या भूमिकेत होते. पण तो म्हातारा भारतीय नव्हता आणि अमेरिकेतला मूळनिवासीही नव्हता. तो होता न्यूझीलंडचा. ‘इंडियन’ हे त्याच्या मोटरसायकलचं नाव होतं.

त्या माणसाचं नाव बर्ट मन्रो. १९२० साली त्यानं एक नवी कोरी मोटरसायकल घेतली. कंपनीतून बाहेर पडली तेव्हा ती जेमतेम ताशी ८९ किलोमीटर पळायची. १९६७ साली त्याच मोटरसायकलवर बसून त्यानं ताशी २९५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तेव्हा गाडीचं वय होतं ४७ आणि चालवणाऱ्याचं ६८.

मधल्या काळात त्या गाडीवर जे काही काम झालं ते त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गॅरेजमध्ये केलं. मोठी कंपनी पाठीशी नव्हती, इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि पैसे तर नव्हतेच. मग हे जमलं कसं, आणि त्याची काय किंमत मोजावी लागली?

दोन वर्षंही जगणार नाही म्हणाले होते

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पार खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथं २५ मार्च १८९९ ला हर्बर्ट जेम्स मन्रोचा जन्म झाला. जुळं होतं. सोबतची बहीण जन्मताच गेली. हे पोरगंही फार तर दोन वर्षं काढेल, असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून टाकलं होतं.

पोरगं जगलं. घरची शेती होती एडेंडेल या गावाजवळ. तिथल्या कामात त्याचं मन काही रमायचं नाही. वेगाची ओढ लहानपणापासूनची. घरातला सगळ्यात वेगवान घोडा घेऊन तो उधळायचा आणि वडिलांची बोलणी खायचा. पुढे त्यानं ओटिराच्या रेल्वे बोगद्यावर काम केलं, पुन्हा शेतीवर आला, मग मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला. तिशीच्या दशकात जगभर मंदी आली, तेव्हा मोटरसायकली विकणं आणि दुरुस्त करणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा झाला.

त्याला घरात आणि गावात ‘बर्ट’ म्हणायचे. मूळ स्पेलिंग वेगळं होतं. १९५७ साली एका अमेरिकन मासिकानं त्याच्या नावात ‘ई’च्या जागी ‘यू’ छापला. चूक सुधारायला सांगण्याऐवजी त्यानं पुढे तेच स्पेलिंग लावायला सुरुवात केली. देवनागरीत आपल्याला काही फरक पडत नाही, पण माणसाचा स्वभाव यातून कळतो.

‘इंडियन’ म्हणजे नेमकी कुठली गाडी?

१९०१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम या दोघांनी एक मोटरसायकल कंपनी सुरू केली. गाड्यांचं नाव ठेवलं ‘इंडियन’. हा उल्लेख अमेरिकेतल्या मूळनिवाशांचा होता. हार्ले डेव्हिडसनची ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी. १९११ साली आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत इंडियननं पहिले तिन्ही नंबर मारले होते.

याच कंपनीत चार्ल्स फ्रँकलिन नावाचा आयरिश इंजिनिअर होता. त्यानं ‘स्काउट’ हे मॉडेल तयार केलं. दोन सिलिंडरचं व्ही आकाराचं, साधारण ६०० सीसीचं इंजिन, तीन गिअर आणि दणकट बांधणी. रोजच्या वापरासाठी उत्तम गाडी. शर्यतीचा जागतिक विक्रम वगैरे तिच्याकडून कुणी अपेक्षितच नव्हतं.

२१ वर्षांच्या बर्टनं १९२० साली ही स्काउट घेतली. सुरुवातीची काही वर्षं ती तशीच चालवली. १९२६ साली मात्र त्यानं इंजिन उघडलं आणि त्यात बदल करायला घेतले. त्यानंतर ते काम कधी संपलंच नाही.

वेग तिप्पट, पण ताकद किती पट?

८९ वरून २९५. म्हणजे वेग साधारण सव्वातीन पट. मग इंजिनची ताकदही सव्वातीन पट केली की झालं?

इथंच गोम आहे. गाडी जोरात पळायला लागली की तिचा खरा शत्रू असतो हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध कापत त्या वेगानं पळत राहायला लागणारी ताकद आठपट होते. या हिशोबानं, गाडीचा आकार आहे तसाच ठेवला तर ८९ वरून २९५ वर जायला ३५ पटींहून जास्त ताकद लागेल.

बर्टनं इंजिनची क्षमता वाढवत वाढवत शेवटी ९५० सीसीपर्यंत नेली. म्हणजे जेमतेम दीडपटीच्या थोडं वर. बाकीचं अंतर कुठून भरून काढायचं? रस्ते दोनच. एक तर त्याच इंजिनमधून जास्तीत जास्त ताकद पिळून काढायची. दुसरं म्हणजे गाडीचा आकार असा करायचा की हवा अडवणार नाही, अलगद बाजूनं निघून जाईल. बर्टनं दोन्ही केलं.

मूळ स्काउटचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं होतं. म्हणजे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असायचे. बनवायला सोपं, पण इंजिनला श्वास घ्यायला अडचण. बर्टनं ते व्हॉल्व्ह डोक्यावर आणले. त्यासाठी लागणारे नवे हेड त्यानं स्वतः बनवले. कॅमची रचना बदलली. फ्लायव्हील बदलली, ऑइल पोचवायची पद्धत बदलली, सिलिंडर बदलले, पिस्टन बदलले.

‘बदलले’ म्हणजे दुकानातून आणून बसवले असं नाही. ते सगळं त्यानं घडवलं.

पत्र्याचे डबे आणि सायकलची तार

शर्यतीचे पार्ट कारखान्यातून बनवून घ्यायला पैसा लागतो. तो बर्टकडे नव्हता. मग भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवायचं, जुन्या पत्र्याच्या डब्यांचे साचे करायचे, त्यात रस ओतायचा आणि थंड झाल्यावर हातानं तासून पिस्टन काढायचा, असा त्याचा कारभार होता.

पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड हा इंजिनमधला सगळ्यात जास्त मार खाणारा भाग. मिनिटाला हजारो वेळा तो ओढला आणि दाबला जातो. कंपनीचे रॉड बर्टच्या वाढवलेल्या ताकदीपुढे टिकेनात. मग त्यानं एका जुन्या ट्रॅक्टरचा ॲक्सल मिळवला. ॲक्सलचं पोलाद चिवट असतं. ते कापून, कानशीनं घासून घासून त्यानं रॉड तयार केले.

आणि मापं? इंजिनमध्ये केसाएवढ्या फरकानंही घोटाळा होतो. तिथं मायक्रोमीटर लागतो. बर्टनं जुन्या चाकाच्या तारेपासून आपलं मापाचं हत्यार बनवलं होतं आणि त्यावर काम भागवलं.

अर्थात, अशा पद्धतीनं केलेल्या गोष्टी तुटायच्या. खूप तुटायच्या. पिस्टन वितळायचे, रॉड मोडून इंजिनच्या बाहेर यायचे, सिलिंडर फुटायचे. बर्ट इंजिन उघडायचा, नेमकं कुठं आणि का तुटलं ते बघायचा, पुढचा पार्ट त्याप्रमाणे जाड किंवा बारीक करायचा आणि परत जोडायचा. कंपनीकडे जे प्रयोगशाळेत कळतं, ते त्याला तुटलेल्या तुकड्यावरून कळायचं. फरक एवढाच की प्रत्येक उत्तराची किंमत एक अख्खं इंजिन असायची.

हे तुटके तुकडे त्यानं फेकून दिले नाहीत. गॅरेजमध्ये एका फळीवर ते ओळीनं मांडून ठेवले होते. वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य आहे, अशा अर्थाची ओळ त्यानं तिथं रंगवली होती. बघायला येणाऱ्याला तो विनोद वाटायचा. पण गाडी बनली कशी हे समजून घ्यायचं तर ती फळीच बघावी लागते. अंगावरची जखम विसरता येते, फळीवरचा पिस्टन रोज समोर असतो. तीच चूक परत करायला तो देत नाही.

दिवसा नोकरी, रात्री गॅरेज

सुरुवातीला हे सगळं नोकरी सांभाळून चालायचं. दिवसभर मोटरसायकली विकायच्या आणि रात्री स्वतःच्या गाडीवर काम करायचं. कधीकधी काम करता करता उजाडायचं आणि तसाच तो कामावर जायचा.

गावाजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटी लागली की तिथली वाळू टणक आणि सपाट होते. हीच त्याची चाचणीची पट्टी. १९३८ साली त्यानं न्यूझीलंडमधला पहिला वेगाचा विक्रम केला आणि पुढे आणखी सात विक्रम नावावर लावले. ऑस्ट्रेलियातही तो शर्यतींत उतरला. स्काउटबरोबर त्याच्याकडे १९३६ ची एक ‘व्हेलोसेट’ मोटरसायकलही होती आणि तिच्यावरही असेच उद्योग चालायचे.

या सगळ्यात एक घरही होतं. बायको होती, चार मुलं होती. रात्ररात्र गॅरेजमध्ये असणाऱ्या माणसाच्या संसाराचं जे व्हायचं ते झालं. १९४७ साली घटस्फोट झाला. त्याच सुमारास त्यानं नोकरीही सोडली आणि कोंदट, सिमेंटच्या भिंतींच्या एका गॅरेजमध्येच मुक्काम हलवला. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला लेथ, मध्ये दोन मोटरसायकली.

आपण सलग दहा वर्षं दिवसाचे सोळा तास या गाडीवर घालवले, असं तो सांगायचा. आज ही गोष्ट ऐकताना आपल्याला जिद्द दिसते. तेव्हा त्याच्या घरच्यांना मात्र रिकामी खुर्ची दिसत असणार. बर्ट मन्रोच्या गोष्टीत ही बाजू सहसा मागे पडते, पण विक्रमाचा हिशोब मांडायचा तर ती सोडून चालणार नाही.

मिठाच्या मैदानावरची जत्रा

अमेरिकेतल्या युटा राज्यात बोनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. कधीकाळी तिथं प्रचंड तलाव होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. हिवाळ्यात त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि मिठाचा सपाट, कडक थर तयार होतो. मैलोन्मैल ना झाड, ना वळण. वेगाचं वेड असलेल्यांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

१९४९ पासून तिथं ‘स्पीड वीक’ भरायला लागला. तो भरवणारी मंडळी होती कॅलिफोर्नियाची हॉट रॉडवाली. हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची, बहुतेक वेळा तिशीच्या दशकातली फोर्ड. नको तो पत्रा काढून टाकायचा, इंजिन घरीच वाढवायचं आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना लाजवेल असा वेग काढायचा. पगारातून पैसे वाचवत, सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं अशी एकेक गाडी घडायची.

हजारो मैल दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बर्ट अगदी हेच करत होता, आणि तेही ही मंडळी शाळेत जायच्या आधीपासून. एकदा तो बोनव्हिल नुसतं बघून आला. मग ठरलं, आपली गाडी इथं आणायची.

१९६२ साली ६३ वर्षांचा बर्ट आपली स्काउट जहाजावर चढवून अमेरिकेत पोचला. तोपर्यंत गाडीचं रूप पार पालटलं होतं. तिच्यावर मासोळीच्या आकाराचं लांबट कवच चढलं होतं. आत माणूस जवळपास पालथा पडून बसायचा. वारा अडवणारी प्रत्येक गोष्ट आतमध्ये झाकली गेली होती. ज्या वाढीव ताकदीचा हिशोब वर आला, त्यातला मोठा भाग या कवचानं वाचवला.

पण कवचाचा एक तोटाही होता. बाणाला पिसं शेवटी लावतात, म्हणून तो सरळ जातो. ज्या गाडीच्या पुढच्या अंगावर वाऱ्याचा जोर जास्त पडतो ती उलट्या बाणासारखी वागते. जरा वेग वाढला की डावी-उजवी डुलायला लागते. बर्टच्या गाडीला हा आजार शेवटपर्यंत राहिला. आणि तिला थांबवायला म्हणावेत असे ब्रेकही नव्हते. ताशी तीनशेच्या आसपास, पालथं पडलेलं असताना, गाडी डुलायला लागली तर करायचं काय, याचं खात्रीचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

तरी त्या वर्षी ८५० सीसीच्या इंजिनवर त्यानं ताशी २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. ८८३ सीसी वर्गातला हा विक्रम होता. कॅलिफोर्नियाच्या हॉट रॉडवाल्यांनी या म्हाताऱ्याला डोक्यावर घेतलं. परदेशातून आलेला, खिशात फार पैसे नसलेला माणूस होता, पण त्याच्या हाताला लागलेलं ग्रीस त्यांच्या ओळखीचं होतं.

१९६७ : मोटरसायकल ४७ ची, माणूस ६८ चा

त्यानंतर बर्टच्या बोनव्हिलच्या वाऱ्या सुरू झाल्या. एकूण दहा वेळा तो तिथं गेला. दरवेळी काहीतरी मोडायचं, दरवेळी तो इन्व्हरकार्गिलला परत जाऊन नवं काहीतरी बनवायचा. पन्नाशीच्या शेवटापासून त्याला हृदयाचा त्रास होता. तरी वारी चुकली नाही. १९६६ साली इंजिन ९२० सीसीचं केल्यामुळे तो १००० सीसीच्या वरच्या वर्गात गेला आणि तिथं ताशी २७० किलोमीटरचा विक्रम केला.

मग आला ऑगस्ट १९६७. इंजिन आता ९५० सीसीचं होतं.

बोनव्हिलचा विक्रम एका धावेत होत नाही. आधी पात्रता फेरी. मग ठरलेल्या वेळेत जाऊन येऊन अशा दोन धावा, एकमेकींच्या उलट दिशेनं. दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे पाठीमागून वारा मिळाल्याचा फायदा कुणाला घेता येत नाही. आणि दोन्ही वेळा इंजिन शाबूत राहावं लागतं. घरी ओतलेल्या पिस्टनच्या गाडीसाठी खरी परीक्षा ही दुसरी अट होती.

पात्रता फेरीत बर्ट एका दिशेनं ताशी ३०५.८९ किलोमीटर गेला. इंडियन मोटरसायकलवर अधिकृतपणे नोंदवलेला हा सर्वाधिक वेग. त्याच्या आणखी एका धावेचा वेग ३३१ च्या घरात होता असं सांगतात, पण तो अधिकृत नाही. त्या धावेत गाडी डुलायला लागली. वेग कमी करावा म्हणून बर्टनं अंग वर उचललं, तसा वाऱ्यानं त्याचा गॉगल उपटून नेला आणि त्याला पुढचं काही दिसेना. शेवटी त्यानं गाडी मिठावर आडवी पाडली आणि थोड्या खरचटण्यावर निभावलं, असं तो नंतर सांगायचा.

विक्रमाच्या दोन धावांची सरासरी आली ताशी २९५.४५३ किलोमीटर. १००० सीसीखालच्या त्याच्या वर्गातला नवा जागतिक विक्रम. पुढे अनेक दशकं तो टिकला.

गंमत म्हणजे ज्या इंडियन कंपनीचं नाव त्या दिवशी लागलं, तिनं १९५३ सालीच उत्पादन बंद केलं होतं. स्वतःच्या गाडीचा हा पराक्रम बघायला कंपनीच उरली नव्हती.

सिनेमा आणि खरी गोष्ट

रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकानं बर्ट हयात असतानाच, सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच्यावर एक माहितीपट केला होता. त्याचं नाव त्या फळीवरच्या ओळीवरूनच घेतलं होतं. तीसेक वर्षांनी त्यानंच हॉपकिन्सना घेऊन मोठा सिनेमा केला. सिनेमात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकाच प्रवासात कोंबल्या आहेत. एक म्हातारा निघतो, अडचणी येतात, विक्रम होतो. दोन-अडीच तासांत तेच शक्य होतं.

पण खऱ्या गोष्टीची ताकद नेमकी सिनेमात न मावणाऱ्या भागात आहे. पहिल्या बदलापासून पहिल्या जागतिक विक्रमापर्यंत ३६ वर्षं गेली. त्यातली बहुतेक वर्षं एका थंड गावातल्या गॅरेजमध्ये, कानशीचा आवाज ऐकत गेली.

१९७७ साली बर्टला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांवरचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही, आता गाडी चालवणं शक्य नव्हतं. दोन्ही मोटरसायकली आपल्याच भागात राहाव्यात अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्यानं त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. दोन वर्षंही काढणार नाही म्हणून डॉक्टरांनी ज्याच्या आशा सोडल्या होत्या, तो हा माणूस.

२००६ साली अमेरिकेच्या मोटरसायकल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिलमध्ये त्याच्या नावानं मोटरसायकल शर्यतींचा सोहळा भरायला लागला. ओरेटीच्या वाळूवरही गाड्या धावू लागल्या.

त्याची स्काउट आजही इन्व्हरकार्गिलमधल्या ‘ई. हेज अँड सन्स’ या हार्डवेअरच्या दुकानात ठेवली आहे. खिळे, स्क्रू, पाने, कानशी यांच्यामध्येच. गावातली माणसं सामान घ्यायला येतात आणि जाता जाता ती बघून जातात.

आणि विक्रमाचा हिशोब अजून एकदा उघडला गेला. २०१४ साली बर्टच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७ च्या दोन धावांची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाली होती. त्यानं ती अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनला दाखवून दिली. त्यांनी तपासलं आणि मान्य केलं. बर्ट गेल्यावर ३६ वर्षांनी त्याचा विक्रम सुधारून लिहिला गेला : ताशी २९६.२५९३ किलोमीटर.